फांदीला फांदी लागली पाहिजे: हुलॉक गिबनबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ईशान्य भारताच्या जंगलात झाडांच्या शेंड्यांवर राहणारा, सकाळी गाणारा आणि जमिनीला सहसा पाय न लावणारा हा प्राणी. त्याच्याबद्दल बोलायला बसलं की लोक साधारण हेच प्रश्न विचारतात. काहींची उत्तरं दोन ओळींत संपतात. काहींची संपत नाहीत, कारण मुळात प्रश्नच गुंतागुंतीचा आहे.

हुलॉक गिबन हे माकड आहे ना?

नाही. मराठीत आपण लाल तोंडाचं ते माकड आणि काळ्या तोंडाचं, लांब शेपटीचं ते वानर असा सरळ भेद करतो. गिबन या दोन्हींत बसत नाही. त्याला शेपूटच नसते. चिंपांझी, गोरिला, ओरांगउटान आणि आपण ज्या मोठ्या गटात येतो, त्याच गटातला तो धाकटा भाऊ. त्याला कपी म्हणणं योग्य. भारतात माणूस सोडला तर कपींपैकी एकटा हुलॉक गिबनच रानात राहतो. वाघ आणि हत्ती शाळकरी पोरालाही माहीत असतात, पण आपल्या देशात एक कपी आहे हे चांगल्या शिकलेल्या माणसांनाही ठाऊक नसतं, याचं मला नेहमी वाईट वाटतं.

‘हुलॉक’ हे नाव कुठून आलं?

त्याच्या हाकेवरून. ‘हुक्कू हुक्कू’ अशी चढत जाणारी हाक ज्या ज्या लोकांनी ऐकली, त्यांनी आपापल्या भाषेत तेच नाव ठेवलं. असमियात तो होलौ, गारो भाषेत हुरो, बांगलात उल्लुक. या उल्लुकाचा घुबडाशी काही संबंध नाही. शास्त्रीय नाव तर ‘हुलॉक हुलॉक’ असं दोनदा आहे, म्हणजे शास्त्रज्ञांनीही शेवटी त्या प्राण्याने स्वतः सांगितलेलंच नाव कायम केलं.

नर आणि मादी ओळखायचे कसे?

हे सगळ्यात सोपं. वयात आलेला नर काळाकुट्ट, कपाळावर दोन ठळक पांढऱ्या भुवया. मादी तांबूस-पिंगट, चेहऱ्याभोवती पांढरी कड. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हे दोन वेगळे प्राणी वाटतात. गंमत पुढेच आहे. पिल्लू जन्मतं तेव्हा फिकट, दुधाळ रंगाचं असतं. मग काही महिन्यांत ते काळं होतं, मुलगा असो की मुलगी. मुलगा तसाच काळा राहतो. मुलगी वयात येताना हळूहळू पिंगट होत जाते. म्हणजे मादी एका आयुष्यात दोनदा रंग बदलते. त्यामुळे एखाद्या कुटुंबात दोन-तीन काळे दिसले म्हणून ते सगळे नर आहेत असं समजू नका.

वजन सहा ते नऊ किलो. दोघांच्या आकारात फारसा फरक नसतो.

तो नेमका कुठे आढळतो?

भारतात ब्रह्मपुत्रेच्या दक्षिणेला आणि दिबांग नदीच्या पूर्वेला. आसाम, अरुणाचल प्रदेश, नागालँड, मणिपूर, मिझोराम, त्रिपुरा आणि मेघालय या सात राज्यांत. त्याखेरीज बांगलादेशाच्या पूर्व भागात आणि म्यानमारमध्ये चिंडविन नदीच्या पश्चिमेला. हद्दी सांगताना सारखी नद्यांची नावं येतात, त्याला कारण आहे. गिबनला पोहता येत नाही. मोठी नदी म्हणजे त्याच्यासाठी जगाचा शेवट. ब्रह्मपुत्रेच्या उत्तर तीरावर तसंच हिरवं जंगल आहे, पण तिथे हुलॉक नाही.

हे लक्षात ठेवा, कारण पुढे रेल्वेबद्दल बोलताना याच गोष्टीकडे परत यायचं आहे.

भारतात हुलॉकच्या दोन जाती आहेत असं वाचलं होतं. खरं काय?

बरीच वर्षं तसं मानलं जात होतं: पश्चिमी हुलॉक आणि पूर्वेकडचा हुलॉक. अरुणाचलच्या पूर्व भागातले गिबन रंगावरून पूर्वेकडच्या जातीचे समजले जायचे. हैदराबादच्या सीसीएमबी (सेंटर फॉर सेल्युलर अँड मॉलिक्युलर बायोलॉजी) या संस्थेच्या शास्त्रज्ञांनी इतर संस्थांसोबत त्यांची जनुकीय तपासणी केली आणि २०२१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाला की तेही पश्चिमी हुलॉकच आहेत. तेव्हा भारतात जात एकच. पूर्वेकडचा हुलॉक म्यानमारच्या बाजूला आहे. तिसरी जात, तिआनशिंग, २०१७ मध्ये स्वतंत्र म्हणून ओळखली गेली. तीही चीन-म्यानमार सीमेवरची. या पानावर ‘हुलॉक’ म्हटलं की पश्चिमी हुलॉक समजा.

तो जमिनीवर का उतरत नाही?

कारण त्याचं सगळं शरीर झाडासाठी घडलेलं आहे. हात पायांपेक्षा कितीतरी लांब. बोटं आकड्यासारखी, फांदी मुठीत धरायची नाही, नुसती अडकवायची आणि सोडायची. मनगटाचा सांधा आपल्या खांद्यासारखा गोल फिरणारा, त्यामुळे एका हाताला लोंबकळत सगळं अंग वळवता येतं. झोका घेत हात बदलत पुढे जाणं ही त्याची चाल. मध्ये थोडं अंतर असेल तर झोक्याचाच जोर वापरून तो सरळ उडी टाकतो, आणि हवेत असताना त्याला कशाचाही आधार नसतो.

हे पाहायला जितकं सहज दिसतं तितकं ते नाही. विसाव्या शतकात थायलंडमधल्या गिबनांच्या एका दुसऱ्या जातीचे शेकडो सांगाडे तपासले गेले, तेव्हा प्रौढांपैकी सुमारे एक-तृतीयांश जणांच्या हाडांत मोडून जुळल्याच्या खुणा सापडल्या. म्हणजे फांद्या तुटतात, अंदाज चुकतात, गिबन पडतात, आणि बरे होऊन पुन्हा झोके घेतात. झाडावरचं आयुष्य इतकं महाग असूनही तो जमीन टाळतो, यावरून जमीन त्याच्यासाठी काय आहे ते समजावं.

झोपायला चिंपांझीसारखं घरटं तो करत नाही. फांदीच्या बेचक्यात बसल्या बसल्या, गुडघे पोटाशी घेऊन झोपतो. पाणी प्यायलाही खाली येत नाही. खोडाच्या ढोलीत साठलेल्या पाण्यात हात घालायचा, मागचे केस भिजू द्यायचे आणि ते ओठाने चोखायचे. मी हे एकदाच पाहिलं आहे. मादी होती. तिने चार वेळा हात बुडवला, आणि प्रत्येक वेळी हात बाहेर काढताना मनगट जरा वाकवून धरत होती, थेंब गळू नयेत म्हणून.

अगदीच नाइलाज झाला तर तो जमिनीवर येतो. तेव्हा दोन पायांवर, हात डोक्याच्या वर तोलत, डुलत डुलत पळतो. कुत्र्यासमोर त्याचा काही निभाव लागत नाही.

गिबन गातात म्हणजे नेमकं काय करतात?

खरंच गातात. सकाळी, बहुतेक वेळा सूर्य जरा वर आल्यावर, नर आणि मादी मिळून. एक जण सुरुवात करतो, दुसरा त्यात मिसळतो, आवाज चढत जातो, लय जलद होते, मग उतरते आणि पुन्हा चढते. गिबनांच्या इतर बऱ्याच जातींत नराचा भाग वेगळा आणि मादीचा वेगळा असतो. हुलॉकमध्ये दोघांचे सूर खूपसे सारखे असतात. पिल्लं मध्येच चिरक्या आवाजात सामील होतात. दाट जंगलातही एखाद्या किलोमीटरच्या पलीकडे हे स्पष्ट ऐकू येतं.

त्याचा अर्थ साधारण असा लावला जातो: ही जागा आमची आहे, आणि आम्ही दोघं एकत्र आहोत. शेजारचं कुटुंब उत्तर देतं. मग त्याच्या पलीकडचं. गाणं शिकावं लागत नाही, ते रक्तात येतं; दोन जातींच्या संकरातून झालेली पिल्लं मधलंच काहीतरी गातात, असं प्राणीसंग्रहालयांत दिसून आलं आहे.

अभ्यासकांसाठी हे गाणं म्हणजे शिरगणतीचं साधन आहे. शेंड्यावरचा गिबन दिसणं कठीण, पण ऐकणं सोपं. म्हणून वेगवेगळ्या जागी माणसं बसवतात आणि कुठल्या दिशेने, किती वाजता हाक आली याची नोंद घेतात. त्या रेषा जिथे छेदतात, तिथे कुटुंब.

ज्या तुकड्यात एकच गिबन उरलेला असतो, तिथे तोही सकाळी हाक देतो. उत्तर येत नाही. मग हळूहळू त्याचं गाणं कमी होतं. हे मी क्षेत्रकार्यकर्त्यांकडून ऐकलं आहे आणि त्यानंतर काय विचारावं ते मला सुचलं नव्हतं.

तो खातो काय? जंगलाला त्याचा उपयोग काय?

मुख्यतः पिकलेली फळं. वड, पिंपळ, उंबर यांच्या कुळातली रानफळं त्याला विशेष प्रिय. फणसाच्या जातकुळीतली फळंही. फळं नसतील तेव्हा कोवळी पानं, फुलं, किडे. फळ बियांसकट गिळायचं आणि लांब जाऊन विष्ठेतून बी टाकायचं, हा त्याचा रोजचा उद्योग. मोठ्या बियांची झाडं अशाच प्राण्यांच्या भरवशावर पसरतात. गिबन गेला म्हणून जंगल उद्या मरत नाही. पण पुढच्या पन्नास वर्षांत कुठली झाडं उगवतील ते बदलतं.

त्यांची संख्या वाढायला इतका वेळ का लागतो?

घर छोटं असतं: आई, बाप आणि दोन-तीन मुलं. मादी एका वेळी एकच पिल्लू देते. गर्भ सुमारे सात महिने, त्यानंतर दोनेक वर्षं दूध. दोन बाळंतपणांत दोन-तीन वर्षांचं अंतर. पिल्लू वयात यायला सहा-सात वर्षं. एका मादीच्या हयातीत मोजकीच मुलं जगतात. त्यामुळे एक मादी मारली गेली तर ती भरून निघायला दशक लागतं.

वयात आलेल्या मुलाला घर सोडावं लागतं, ही दुसरी गोष्ट. आई-बाप त्याला हळूहळू दूर करतात. त्याने दुसरीकडे जाऊन जोडीदार आणि जागा शोधायची. मोठ्या जंगलात हे नैसर्गिकपणे होतं. छोट्या तुकड्यात तो जाणार कुठे?

हुलॉक किती धोक्यात आहे?

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत तो ‘संकटग्रस्त’ म्हणून नोंदलेला आहे. भारताच्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या बरोबरीने. आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालणाऱ्या कराराच्या पहिल्या परिशिष्टातही. जगातल्या गिबनांच्या सुमारे वीस जातींपैकी जवळजवळ सगळ्याच आज धोक्यात आहेत. बांगलादेशात तर हुलॉक काही शेच उरले आहेत.

पण ईशान्येत अजून भरपूर जंगल आहे. मग अडचण काय?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि नकाशा पाहून त्याचं उत्तर मिळत नाही.

नकाशावर हिरवा रंग दिसतो. गिबनला हिरवा रंग नको असतो, त्याला लागून लागून फांद्या हव्या असतात. एका झाडाच्या फांदीवरून दुसऱ्याच्या फांदीवर हात पोचला पाहिजे. मध्ये पंचवीस मीटरचा रस्ता निघाला, तर माकड रस्ता ओलांडतं, हत्ती ओलांडतो, बिबट्या ओलांडतो. गिबन थांबतो. आपण म्हणतो ‘जंगलातून फक्त एक रस्ता गेला’. त्याच्या लेखी एका जंगलाची दोन बेटं झाली. वर ब्रह्मपुत्रेबद्दल सांगितलं, तसंच. आपण रोज छोट्या छोट्या ब्रह्मपुत्रा तयार करतो आहोत: रस्ता, विजेची तार, चहाचा मळा, गॅसवाहिनी, रेल्वे.

बेट झालं की दोन-तीन पिढ्यांत परिणाम दिसतो. मुलांना बाहेर जाता येत नाही. नात्यातच जोड्या लागतात किंवा लागतच नाहीत. वादळात चार फळझाडं पडली तरी उपासमार. एखाद्या आजाराने एक कुटुंब गेलं तर ती जागा भरायला बाहेरून कोणी येऊ शकत नाही. एकही झाड तोडलं नाही, एकही गोळी झाडली नाही, तरी त्या तुकड्यातून गिबन संपतो. फक्त वेळ लागतो, म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही.

होलोंगापारचं नाव सारखं ऐकू येतं. तिथे विशेष काय?

आसामच्या जोरहाट जिल्ह्यात, मरियानी गावाजवळ होलोंगापार गिबन अभयारण्य आहे. गिबनच्या नावाने असलेलं हे भारतातलं एकमेव अभयारण्य. क्षेत्रफळ जेमतेम २१ चौरस किलोमीटर. होलोंग हे तिथलं सरळसोट, उंच झाड, आसामचा राज्यवृक्ष, त्याच्यावरून नाव. इथे सुमारे १२५ हुलॉक आहेत असं सांगितलं जातं. त्यांच्याशिवाय नर-वानर गणातले आणखी सहा प्राणी याच छोट्या जंगलात राहतात: टोपीवाला वानर, आखूड शेपटीचं माकड, डुकरासारख्या शेपटीचं माकड, आसामी माकड, लाल तोंडाचं माकड आणि रात्री फिरणारा लाजवंती (स्लो लोरिस). इतक्याशा जागेत सात जाती, असं भारतात क्वचितच पाहायला मिळतं.

१८८१ मध्ये हे राखीव जंगल झालं. तेव्हा ते नागालँडच्या टेकड्यांपर्यंत सलग होतं. मग आजूबाजूला चहाचे मळे वाढले, गावं वसली, आणि जंगल चारी बाजूंनी सुटं पडलं. १९२४ पासून वनखात्याने इथे लागवड करून ते पुन्हा दाट केलं. म्हणजे आज ज्या झाडांवर गिबन झोके घेतात, त्यातली काही माणसाने लावलेली आहेत. निराश झालो की मी हे आठवतो. १९९७ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला.

आता दुखरी जागा. १८८७ च्या सुमारास टाकलेली रेल्वे या जंगलाच्या आरपार जाते. तिने जंगलाचे दोन विषम भाग केले: एक मोठा आणि उत्तरेला सुमारे दीडशे हेक्टरचा एक तुकडा. त्या तुकड्यातले गिबन पलीकडच्यांचं गाणं रोज ऐकतात. पलीकडे जाऊ शकत नाहीत.

रुळांच्या कडेला उभं राहून मी एक कुटुंब पाहिलं होतं. नर पुढे होता. शेवटच्या झाडाच्या शेवटच्या फांदीवर आला, एका हाताला लोंबकळला, आणि समोरच्या झाडाकडे बघत राहिला. फांदी त्याच्या वजनाने वर-खाली होत होती. मादी मागे, पोटाशी पिल्लू. दोन-अडीच मिनिटं कोणीच हललं नाही. मग तो वळला आणि सगळे आले त्या वाटेने परत गेले. गाडी वगैरे काही आली नव्हती. नुसती मोकळी हवा होती.

मग पूल का बांधत नाहीत?

प्रयत्न झाले आहेत. काही वर्षांपूर्वी तिथे लोखंडी पूल उभारला होता. गिबननी तो आपला मानला नाही. पूल बांधणं सोपं, गिबनला तो फांदी वाटणं अवघड. नंतर डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या अभ्यासकांनी जागा पाहून दोरीच्या पुलांचा आराखडा दिला आणि ईशान्य सीमांत रेल्वेने ते बांधायचं मान्य केलं. याच संस्थेच्या संशोधकांनी २०२३ मध्ये एका आंतरराष्ट्रीय विज्ञान नियतकालिकातून मूळ मागणीही मांडली होती: मार्गच जंगलाबाहेरून वळवा. मला ती मागणी जास्त पटते. या मार्गाचं विद्युतीकरण आणि दुपदरीकरण व्हायचं म्हटलं, तर दोन्ही बाजूंची मोकळी पट्टी आणखी रुंदावणार आणि वरून जिवंत तारा जाणार. लोंबकळून चालणाऱ्या प्राण्याला तार आणि वेल यातला फरक कळत नाही.

दोरीचे पूल चालतात का, याचं एक चांगलं उदाहरण चीनच्या हैनान बेटावर आहे. तिथला हैनान गिबन हा जगातला सगळ्यात दुर्मीळ कपी. १९७० च्या दशकात दहाच्या आत उरला होता, आता चाळीसच्या वर गेला आहे. २०१४ मध्ये चक्रीवादळामुळे दरड कोसळून त्यांची वाट तुटली. अभ्यासकांनी २०१५ मध्ये गिर्यारोहणाचे दोन दोर बांधून पूल केला आणि कॅमेरा लावला. पहिला गिबन त्यावर आला १७६ व्या दिवशी. सहा महिने नुसते दोर लोंबत होते. नंतर माद्या आणि पिल्लं नियमित जाऊ लागली. काही जण एका दोरावर पाय ठेवून दुसरा हाताने धरत, चालत जायचे. त्या अभ्यासकांनीही सांगितलं आहे की पूल हा तात्पुरता उपाय. खरं काम म्हणजे तिथे पुन्हा झाडं वाढवणं.

तेव्हा होलोंगापारला पूल झाले की लगेच ‘गिबन वापरत नाहीत, पैसे वाया गेले’ असं कोणी म्हटलं, तर त्याला १७६ दिवसांची गोष्ट सांगा.

तेल आणि वायूच्या विहिरींचा काय संबंध?

वरचा आसाम हा गिबनचा प्रदेश आहे आणि तेलाचाही. २७ मे २०२० ला तिनसुकिया जिल्ह्यातल्या बाघजानच्या वायुविहिरीचा स्फोट झाला, ९ जूनला तिने पेट घेतला आणि ती आग विझायला महिने लागले. जवळच बारेकुरी हे गाव आहे, जिथे हुलॉकची मोजकी कुटुंबं लोकांच्या परसातल्या झाडांवर राहतात. आवाज, धूर, झाडांवर बसलेला तेलाचा थर, सगळं त्यांनी सोसलं.

२०२४ च्या अखेरीस होलोंगापारच्या पर्यावरण-संवेदनशील पट्ट्यातल्या सुमारे साडेचार हेक्टरांवर तेल-वायूच्या शोधासाठी विहीर खणायला राष्ट्रीय वन्यजीव मंडळाच्या स्थायी समितीने हिरवा कंदील दाखवला. साडेचार हेक्टर म्हणजे काहीच नाही, असं म्हटलं जातं. ज्या जंगलाचं सगळं दुखणं एका रुळाच्या रुंदीत आहे, तिथे हेक्टर मोजून नुकसान कळत नाही.

झूम शेतीमुळे जंगल गेलं, असं म्हणतात. ते कितपत खरं?

अर्धं खरं. डोंगरउतार साफ करून, जाळून एक-दोन वर्षं पीक घ्यायचं आणि जमीन सोडून पुढे जायचं, ही पद्धत पिढ्यान्‌पिढ्यांची. जमिनीला वीस-तीस वर्षं विश्रांती मिळायची तेव्हा जंगल परत यायचं आणि गिबनही टिकून होते. आता लोक वाढले, जमीन कमी पडली, तीच जागा चार-पाच वर्षांत पुन्हा जाळली जाते. तेवढ्या वेळात बांबू आणि झुडपं येतात, शेंडे जुळत नाहीत. पण दोष फक्त झूम करणाऱ्याच्या माथी मारायचा आणि त्याच डोंगरावरच्या रबर किंवा सुपारीच्या मळ्याला ‘विकास’ म्हणायचं, हे मला मान्य नाही.

गावकरी गिबनच्या विरोधात असतात का?

जागोजागी वेगळं. शिकार झाली आहे आणि काही भागांत अजून होते, मांसासाठी आणि औषधाच्या समजुतीने. पण उलट उदाहरणंही तेवढीच ठाम आहेत. अरुणाचलच्या इदू मिश्मी समाजात गिबनला मारणं निषिद्ध आहे आणि तो निर्बंध कायद्याच्या कितीतरी आधीचा. मेघालयाच्या पश्चिम गारो टेकड्यांत सेलबालग्रे गावाने आपल्या मालकीच्या जंगलाचा भाग हुलॉकसाठी सामुदायिक राखीव क्षेत्र म्हणून सोडला. तिथे जमीन सरकारची नाही, कुळाची असते, म्हणून हे फार मोठं आहे.

आणि बारेकुरी. तिथल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या गिबनला घरातल्यासारखं वागवलं, केळी ठेवली, परसातली झाडं राखली. गावातल्या झाडांची रांग तुटली, विजेच्या तारा आल्या, आणि गिबन अडचणीत आले. प्रेम होतं, अजूनही आहे. त्या प्रेमाला झाडांची साथ हवी. बारेकुरीत आता झाडं लावण्याचं काम चालतं, पण रोप लावल्यापासून गिबनचं वजन पेलेपर्यंत वर्षं जातात.

अडकलेल्या गिबनना उचलून मोठ्या जंगलात सोडता येत नाही का?

येतं, आणि केलंही आहे. अरुणाचलच्या लोअर दिबांग व्हॅली जिल्ह्यात देल्लो गावाजवळ काही कुटुंबं शेतांमध्ये उरलेल्या एकेकट्या झाडांवर अडकली होती. एका झाडावरून दुसऱ्यावर जायला जमिनीवर उतरावं लागे आणि कुत्री टपलेली असत. २०११ पासून वाइल्डलाइफ ट्रस्ट ऑफ इंडिया आणि राज्याच्या वनखात्याने त्यातली काही कुटुंबं पकडून मेहाओ अभयारण्यात सोडली.

काम नाजूक असतं. कुटुंब फुटता कामा नये; नर हाती लागला आणि मादी निसटली तर दोन्ही वाया. नव्या जागी आधीच कोणाची हद्द नको, नाहीतर भांडणं होतात. फळझाडं पुरेशी हवीत. आणि सोडल्यावर महिनोन्‌महिने मागोवा घ्यावा लागतो. ज्यांच्यापुढे दुसरा मार्गच नाही, त्यांच्यासाठी हे करावं. ‘विकासकाम करू द्या, गिबन आम्ही हलवू’ असं कोणी म्हणू लागलं, तर मात्र विरोध करायला हवा.

प्राणीसंग्रहालयात पैदास करून सोडता येईल?

फार मर्यादित प्रमाणात. जोडी जमणं अवघड, पिल्लं कमी, आणि पिंजऱ्यात वाढलेल्याला रानातली फळं, फांद्या, शत्रू यांची ओळख नसते. शिवाय सोडायला सलग जंगल लागणारच. ते असेल तर रानातले गिबन आपसूक वाढतात.

समाजमाध्यमांवर पाळलेल्या गिबनच्या गोड चित्रफिती दिसतात. त्यात वाईट काय?

पिल्लू आईला घट्ट चिकटलेलं असतं. ती ते आपणहून देत नाही. आईला पाडल्याशिवाय पिल्लू हाती येत नाही, आणि पडताना बऱ्याचदा पिल्लूही मरतं. कपडे घातलेल्या, बाटलीने दूध पिणाऱ्या प्रत्येक पिल्लामागे किमान एक मेलेली मादी असते. मोठं झाल्यावर त्याचे सुळे लांब होतात, ते चावतं, मग आयुष्यभर साखळी.

भारतात हुलॉक पकडणं, पाळणं, विकणं हा गुन्हा आहे. शिकारीला तीन ते सात वर्षं कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड. अशी चित्रफीत दिसली तर ती पुढे पाठवू नका, खाली रागावून लिहूही नका, कारण त्यानेही तिचा प्रसार वाढतो. त्या माध्यमाच्या तक्रारीच्या सोयीतून ती नोंदवा, आणि ठिकाण कळत असेल तर वनखात्याला कळवा.

मला हुलॉक पाहायचा आहे. कुठे आणि कसं जावं?

होलोंगापार सगळ्यात सोयीचं. जोरहाटपासून वीस-पंचवीस किलोमीटर, मरियानी हे जवळचं रेल्वे स्थानक. काझीरंगाला जाणार असाल तर शेजारच्या पानबारी राखीव जंगलातही हुलॉक आहेत. आरण्यक या गुवाहाटीच्या संस्थेचं गिबनसाठीचं केंद्र होलोंगापारच्या परिसरात आहे. त्यांचे लोक वर्षानुवर्षं तिथल्या तरुणांना आणि वनरक्षकांना शिकवतात.

नोव्हेंबर ते मार्च हा काळ चांगला. पावसाळ्यात वाटा चिखलाच्या आणि जळवा पायाला लागतात. स्थानिक वाटाड्याशिवाय आत जायचं नाही, कारण इथे हत्तीही आहेत. सर्दी-खोकला असेल तर जाणं पुढे ढकला. आपले आजार कपींना लागतात. खायला काही देऊ नका. गाणं लावून त्यांना बोलावू नका, कारण ते त्याला शेजाऱ्याचं आव्हान समजतात आणि उगीच दमतात.

सकाळी लवकर आत जा आणि बोलणं बंद करा. पहिली हाक आली की धावत सुटू नका. वाटाड्या कान देऊन दिशा ठरवेल, मग तुम्ही फळ धरलेल्या एखाद्या वडा-उंबराखाली जाऊन बसा. मान वर करून बसायचं असतं, म्हणून पाठ टेकायला खोड शोधा. आधी पानं हलतील, मग एखादं अर्धं खाल्लेलं फळ तुमच्या शेजारी टपकन पडेल.